पाच लाखांचे शहर शक्य तितक्या लवकर: सिमसिटीच्या स्पीडरनमध्ये वेळ नेमका कुठे जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणाऱ्याने मूळ सिमसिटी (शहर उभारण्याचा संगणकावरचा खेळ) आणि तिची मुक्त आवृत्ती मायक्रोपोलिस बरीच वर्षे सावकाश खेळली आहे. आता पाच लाख लोकसंख्येपर्यंत, म्हणजे ‘मेगालोपोलिस’ या पदवीपर्यंत, कमीत कमी वेळात पोहोचण्याचा, म्हणजेच स्पीडरनचा, त्याचा प्रयत्न चालू आहे. मात्र पस्तीस ते चाळीस हजारांच्या आसपास शहराची वाढ अडते. तिजोरीत पैसे असतात, मोकळी जमीन असते, तरीही झोन (रहिवास, व्यापार किंवा उद्योग यांसाठी आखलेले भूखंड) रिकामे राहतात. चूक कुठे होते, आणि संपूर्ण रनचा आराखडा कसा ठरवावा, असे त्याने विचारले आहे.

अडण्याचे कारण आधी सांगतो, कारण ते आकड्यावरूनच ओळखता येते. मूळ सिमसिटी विल राइट यांनी रचली आणि मॅक्सिसने ती १९८९ मध्ये बाजारात आणली. तिचा सोर्स कोड (खेळ ज्या सूचनांवर चालतो तो मूळ मजकूर) २००८ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली मायक्रोपोलिस या नावाने खुला झाला, त्यामुळे या खेळापुरते तरी अंदाजावर विसंबण्याची गरज उरलेली नाही. त्या कोडमध्ये तीन अडसर आहेत. रहिवाशांची अंतर्गत संख्या ५०० च्या वर गेली आणि स्टेडियम नसेल, तर रहिवासी मागणी (नवे रहिवासी किती येऊ पाहतात याचा खेळातला आकडा) शून्याच्या वर जात नाही. उद्योगांची संख्या ७० च्या वर गेली आणि बंदर नसेल, तर औद्योगिक मागणीचे तेच होते. व्यापाराची संख्या १०० च्या वर गेली आणि विमानतळ नसेल, तर व्यापारी मागणीही तशीच थोपते. पडद्यावर दिसणारी लोकसंख्या काढताना रहिवाशांची संख्या जशीच्या तशी घेतली जाते, व्यापार आणि उद्योग यांना आठने गुणले जाते आणि सगळ्या बेरजेला वीसने गुणले जाते. म्हणजे तिन्ही अडसर एकाच वेळी लागू असलेल्या शहरात रहिवाशांचे १०,०००, उद्योगांचे ११,२०० आणि व्यापाराचे १६,००० मिळून ३७,२०० होतात. तुमचे शहर नेमके त्याच पट्ट्यात थांबते आहे. मागणी शून्यावर आली तरी चांगल्या जागेवरचे झोन थोडेफार वाढत राहतात, म्हणून शहर एका ठरावीक आकड्यावर गच्च न थांबता रेंगाळते आणि कारण लक्षात यायला उशीर होतो.

मायक्रोपोलिसमध्ये स्टेडियमला ५,०००, बंदराला ३,००० आणि विमानतळाला १०,००० लागतात. हे १८,००० शहर अडल्यावर जमवायचे नसून अडसर लागू होण्याआधीच बाजूला काढायचे असतात. बंदर पाण्याच्या काठी असलेच पाहिजे अशी अट कोडमध्ये नाही. कोरड्या जमिनीवर बांधलेले बंदरही औद्योगिक अडसर उठवते, त्यामुळे किनाऱ्यापर्यंत रस्ता ओढण्याचा खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात. बंदर आणि विमानतळ दोन्ही प्रदूषण करतात, तेव्हा ते औद्योगिक पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला असावेत.

आता संपूर्ण रनकडे वळू. शहर बांधणाऱ्या खेळाचा स्पीडरन हा इतर स्पीडरनपेक्षा एका बाबतीत मुळातच वेगळा आहे. उड्या मारत पुढे जाण्याच्या खेळात खेळाडूचे हात जितके जलद, तितका रन जलद. शहराच्या खेळात मात्र तुम्ही मांडणी करता आणि वाढ सिम्युलेशन करते. त्यामुळे कोणत्याही क्षणी तुम्हाला रोखून धरणारी एकच गोष्ट असते: कधी पैसा, कधी हाताचा वेग, कधी मागणी, कधी जमिनीची किंमत. रनचे कौशल्य म्हणजे या क्षणी यांपैकी कोणती गोष्ट रोखते आहे ते ओळखणे आणि बाकीच्या तिन्हींवर वेळ न घालवणे. सावकाश खेळण्याची सवय असलेले खेळाडू पैसा अपुरा असताना शहर सुबक करत बसतात आणि पैसा मुबलक झाल्यावरही काटकसर करत राहतात. स्पीडरनमध्ये याच दोन सवयी सर्वांत महाग पडतात.

लक्ष्य प्रत्यक्षात किती मोठे आहे, हे आधी कागदावर मांडावे. पूर्ण भरलेल्या एका रहिवासी झोनमधली अंतर्गत संख्या ४० असते, म्हणजे पडद्यावर ८०० माणसे. पूर्ण भरलेला व्यापारी झोन ५ चा, म्हणजे तोही ८०० चा. पूर्ण भरलेला औद्योगिक झोन ४ चा, म्हणजे ६४० चा. मागणीच्या सूत्रात रहिवाशांची संख्या आठने भागून ती व्यापार व उद्योग यांच्या बेरजेशी ताडली जाते, त्यामुळे समतोल शहरात पडद्यावरची निम्मी लोकसंख्या रहिवासी झोनमधून आणि निम्मी उरलेल्या दोहोंतून येते. अंतर्गत बाजारपेठ काढताना तिघांच्या बेरजेला ३.७ ने भागले जाते, आणि त्यावरून समतोलात व्यापाराचा वाटा रोजगाराच्या निम्म्याहून किंचित जास्त निघतो. पाच लाखांसाठी हे गणित केले, तर सुमारे ३१० रहिवासी, १७० व्यापारी आणि १८० औद्योगिक, असे साधारण ६६० पूर्ण भरलेले झोन लागतात. प्रत्येक झोन नऊ चौकटींचा, म्हणजे जवळजवळ ५,९५० चौकटी. संपूर्ण नकाशा १२० गुणिले १०० म्हणजे १२,००० चौकटींचा आहे. रस्ते, वीजकेंद्रे आणि पाणी धरण्याआधीच निम्मा नकाशा संपला. हा किमान आकडा आहे, कारण व्यवहारात सगळे झोन शिखरावर पोहोचत नाहीत. नकाशाची निवड आणि मांडणीची घनता या गोष्टी चैनीच्या का नाहीत, ते या एका हिशेबावरून स्पष्ट व्हावे.

सुरुवातीचा टप्पा पैशाचा असतो. सोप्या पातळीवर २०,०००, मधल्या पातळीवर १०,००० आणि अवघड पातळीवर ५,००० मिळतात. फरक एवढ्यावर थांबत नाही. उद्योगांच्या मागणीला बाहेरच्या बाजारपेठेचा जो गुणक लागतो, तो सोप्या पातळीवर १.२, मधल्या पातळीवर १.१ आणि अवघड पातळीवर ०.९८ आहे. म्हणजे सोप्या पातळीवर उद्योग स्वतःच्या बळावर वाढू पाहतात आणि अवघड पातळीवर ते आपोआप आक्रसू पाहतात. जिथे नियम पातळी ठरवून देत नाहीत, तिथे सोपी पातळी घ्यावी. अवघड पातळीचा रन हा वेगळाच प्रकार मानला पाहिजे आणि त्याची तुलना सोप्या पातळीशी करू नये.

पहिल्या पैशात एक कोळशाचे वीजकेंद्र घ्यावे. ते ३,००० चे असते आणि सुमारे ७०० चौकटींना वीज पुरवते. उरलेले जवळजवळ सगळे पैसे झोनमध्ये घालावेत. पोलीस ठाणी, अग्निशमन केंद्रे आणि लांबच लांब रस्ते यांना या टप्प्यात जागा नाही, कारण पोलीस व अग्निशमन यांचा दर केंद्रामागे वर्षाला १०० चा खर्च कोवळ्या शहराला पेलत नाही. नैसर्गिक संकटे बंद ठेवण्याची परवानगी नियमांत असेल, तर ती पहिल्याच मिनिटाला बंद करावीत. पुढे अणुवीज केंद्र घेताना याचाच फायदा होतो. ते ५,००० मध्ये सुमारे २,००० चौकटींना वीज देते, कोळशासारखे प्रदूषण करत नाही, आणि संकटे बंद असतील तर मायक्रोपोलिसमध्ये त्याचा स्फोटही होत नाही.

रस्त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सावकाश खेळणाऱ्यांची सर्वांत घट्ट समजूत इथेच मोडावी लागते. झोनमधून प्रवास निघतो तेव्हा कोड आधी झोनच्या कडेला रस्ता किंवा रूळ आहे का ते पाहतो. तो नसेल तर जबर दंड होतो आणि रहिवासी निघून जाऊ लागतात. कडेला रस्ता सापडला पण मुक्कामाचे ठिकाण सापडले नाही, तर मात्र तो दंड होत नाही. याचा अर्थ, झोनच्या कडेला रुळाची एक सुटी चौकट असणेही पुरते. ती दुसऱ्या कशालाही जोडलेली असण्याची गरज नाही. ही गोष्ट नगररचनेच्या दृष्टीने हास्यास्पद आहे आणि स्पीडरनच्या दृष्टीने अमूल्य आहे. झोनचे दोन उभे स्तंभ उभारून मधे एक चौकट रुंदीची गल्ली सोडली, तर गल्लीतली रुळाची एकेक चौकट डावीकडच्या आणि उजवीकडच्या अशा दोन झोनना पुरते. एकमेकांना चिकटलेल्या झोनमधून वीज आपोआप पुढे जाते, तेव्हा गल्ली ओलांडण्यापुरती एखादी तार टाकली की काम भागते. रूळ रस्त्याच्या दुप्पट महाग आहेत, चौकटीला दहाऐवजी वीस, पण त्यांच्यावर वाहतुकीची कोंडी साठत नाही आणि त्यामुळे वाहतुकीचे प्रदूषणही होत नाही. मी रस्ते जवळजवळ वापरतच नाही.

कराचा भाग चटकन समजण्यासारखा आहे, तरी तो हाताळताना चुका होतात. कोडमध्ये कराच्या प्रत्येक दराला मागणीवर होणाऱ्या परिणामाचा एक आकडा दिलेला आहे. सोप्या पातळीवर ७ टक्क्यांना हा परिणाम शून्य असतो, ० टक्क्याला तो अधिक २०० असतो आणि २० टक्क्यांना उणे ६००. मधल्या आणि अवघड पातळीवर हाच तक्ता अनुक्रमे एका आणि दोन टक्क्यांनी सरकतो. खेळातले वर्ष ४८ वेळ-एककांचे आहे. मागणी दर दोन एककांनी नव्याने काढली जाते, पण कर वर्षातून एकदाच, त्या क्षणी असलेल्या दराने वसूल होतो. तेव्हा वर्षभर कर शून्यावर ठेवून वसुलीच्या अगदी आधी तो चढवायचा आणि लगेच खाली आणायचा, ही जुनी युक्ती आजही चालते. मात्र चढवलेला दर महिनाभर जरी राहिला, तरी तेवढ्यात मागणी दोनदा मोजली जाते आणि दोन्ही वेळा उणे ६०० चा फटका बसतो. वर्षभरात जमवलेली मागणी त्यात वाहून जाते. ज्याला ती खिडकी अचूक साधत नाही, त्याने सरळ ५ किंवा ६ टक्के ठेवून हात झोन मांडण्यासाठी मोकळे ठेवावेत. खऱ्या घड्याळावर मोजल्या जाणाऱ्या रनमध्ये कराचे पान उघडण्या-मिटण्याचे सेकंदही मोजले जातात.

पैशाची अडचण संपते तो क्षण ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण तिथून पुढे तुमचे हात हीच मर्यादा बनते. ६६० झोन म्हणजे निदान ६६० अचूक क्लिक, शिवाय रूळ, तारा आणि मोठ्या इमारती. म्हणून मांडणी अशी हवी की डोळे न वापरता तिची पुनरावृत्ती करता आली पाहिजे. मांडणीचा एक साचा ठरवावा, त्यातील क्रम ठरवावा आणि तो रिकाम्या नकाशावर इतक्या वेळा गिरवावा की प्रत्यक्ष रनमध्ये लक्ष मागणीच्या दर्शकाकडे ठेवता येईल. किंचित कमी घनतेचा पण चटकन मांडता येणारा साचा मी नेहमी पसंत करतो. कागदावर परिपूर्ण दिसणारे साचे शेवटच्या लाखात उपयोगी असतात, पहिल्या लाखात नाहीत.

एक लाखानंतर अडचण पुन्हा बदलते आणि जमिनीच्या किमतीवर येते. एखाद्या झोनची वाढ होणार की नाही, हे शहरभराची मागणी आणि त्या जागेचे गुण यांच्या बेरजेवर ठरते. रहिवासी झोनसाठी हे गुण म्हणजे जमिनीची किंमत वजा प्रदूषण. प्रदूषण १२८ च्या वर गेले की रहिवासी झोनमध्ये नवीन माणूस येतच नाही. जमिनीची किंमत शहराच्या केंद्रापासूनच्या अंतरानुसार घटते, आणि हे केंद्र म्हणजे नकाशाचा मध्य नसून लोकवस्तीचा मध्य असतो. शहर एकाच दिशेला लांबत गेले की केंद्र सरकते आणि मागे राहिलेल्या टोकाची किंमत घसरते. तेव्हा शहर केंद्राभोवती सर्व बाजूंनी सारखे वाढवावे आणि उद्योग बाहेरच्या कडांवर ढकलावेत. नकाशाच्या कडेला लागून असलेल्या उद्योगांचे काही प्रदूषण नकाशाबाहेर जाते, ही जुन्या खेळाडूंची आवडती सोय इथेही कामी येते. व्यापारी झोनला आणखी एक अट आहे: त्याची पातळी जमिनीच्या किमतीच्या बत्तिसाव्या भागाने बांधलेली असते आणि शिखर गाठायला किंमत किमान १२८ लागते. केवळ केंद्राच्या जवळिकीतून एवढी किंमत अगदी मोजक्या चौकटींना मिळते. बाकीच्यांना ती आजूबाजूची झाडी, पाणी आणि बागा यांतून मिळवावी लागते.

यावरून नकाशाविषयीचा माझा सल्ला निघतो आणि तो नवख्यांच्या समजुतीच्या विरुद्ध आहे. पूर्ण कोरडा, उघडाबोडका नकाशा आकर्षक वाटतो, कारण त्यात जागा सर्वांत जास्त असते. परंतु तशा नकाशावर व्यापारी झोन खालच्याच पातळीवर रेंगाळतात. नकाशाच्या मधोमध झाडीचे तुकडे असावेत, पाणी थोडे असावे आणि शहराला दुभंगणारी नदी नसावी, एवढे पाहून निवड करावी. झाडी साफ करताना साच्याच्या आड येणारीच झाडे काढावीत.

नव्या वस्तीविषयी एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. रिकाम्या रहिवासी झोनमध्ये आधी सुटी घरे उगवतात आणि भोवतालची लोकघनता ठरावीक मर्यादेच्या, म्हणजे ६४ च्या, वर असेल तरच त्यांचे रूपांतर मोठ्या इमारतीत होते. एकाकी टाकलेले झोन म्हणूनच वर्षानुवर्षे घरांच्या पुढे जात नाहीत. नवीन झोन नेहमी भरलेल्या वस्तीला चिकटून टाकावेत. शिवाय भरलेल्या झोनची वाढ दर तपासणीला न होता सरासरी आठांतून एकदाच पाहिली जाते, तेव्हा शेवटच्या टप्प्यात शहराला काही काळ स्वतःहून पिकू द्यावे लागते. हा काळ टळत नाही, पण त्या काळात कडेला नवे झोन टाकत राहता येते.

घड्याळाचा प्रश्न नियमांचा आहे, तरी तो डावपेच पुरते बदलतो. काही प्रकारांत खरा वेळ मोजला जातो, काहींत खेळातली तारीख. तारीख मोजली जात असेल आणि खेळ थांबवून बांधकाम करता येत असेल, तर हाताच्या वेगाला किंमत उरत नाही. तो रन नियोजनाचा होतो. खरा वेळ मोजला जात असेल, तर थांबवणे म्हणजे सरळ नुकसान. रन सुरू करण्यापूर्वी शेवटचा क्षण कोणता धरला जातो, तेही पाहून घ्यावे. मायक्रोपोलिसमध्ये लोकसंख्येचा टप्पा गाठल्याचा संदेश महिन्यातून एकदा तपासला जातो, तर शहराच्या मूल्यमापनाचे पान वर्षातून एकदाच बदलते. त्या पानावरची पदवी हा शेवट धरला, तर जानेवारीत पाच लाख गाठणारा आणि डिसेंबरमध्ये गाठणारा खेळाडू एकाच वेळी संपवतात. स्प्लिटसाठी, म्हणजे मधल्या टप्प्यांच्या वेळा नोंदवण्यासाठी, २,०००, १०,०००, ५०,०००, एक लाख आणि पाच लाख हे खेळाचेच टप्पे घ्यावेत. पण ५०,००० ते पाच लाख यांमध्ये वेळेचा मोठा भाग जातो, म्हणून मी तिथे स्वतःचे जास्तीचे स्प्लिट घालतो. रनची उभारणी ५०,००० च्या आतच फसली असेल, तर पुढे ती सावरत नाही. निःसंकोच रीसेट करावे, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

निन्तेन्दोने १९९१ मध्ये सुपर निन्तेन्दो या आपल्या खेळयंत्रासाठी काढलेली आवृत्ती दिसायला सारखी असली, तरी वरचे आकडे तिला जसेच्या तसे लावू नयेत. तिचा कोड वेगळा आहे, इमारतींच्या काही किमती वेगळ्या आहेत आणि टप्प्याटप्प्यावर खेळातले सल्लागार डॉक्टर राइट भेटवस्तू देतात. तिचे नकाशे ००० ते ९९९ या क्रमांकांनी निवडता येतात, त्यामुळे सगळ्यांना एकाच भूमीवर धावता येते, ही मोठी सोय आहे. तिच्यात वर्षअखेरीच्या अंदाजपत्रकाशी खेळून तिजोरी ९,९९,९९९ पर्यंत भरण्याचे एक प्रसिद्ध ग्लिच (खेळातल्या चुकीचा उठवलेला फायदा) आहे. ते वापरले की पैशाचा पहिला टप्पा जवळजवळ नाहीसा होतो आणि रन थेट हाताच्या वेगापासून सुरू होतो. ग्लिचसह आणि ग्लिचविना हे म्हणूनच दोन स्वतंत्र प्रकार आहेत, आणि माझ्या मते ग्लिचविना रन अधिक रंजक आहे, कारण त्यात चारही अडचणी एकामागून एक भेटतात.

सॅन फ्रान्सिस्को १९०६ किंवा बर्न १९६५ यांसारख्या तयार प्रसंगांपासून मात्र दूर राहावे. मूळ खेळात त्यांचा निकाल ठरलेली वर्षे संपल्यावरच लागतो. लक्ष्य आधी गाठले तरी खेळ लवकर संपत नाही. २०१५ च्या सिटीज स्कायलाइन्स या शहर उभारण्याच्या दुसऱ्या खेळावर स्पीडरन करायचा असेल, तर तिथे हजारो वाहने आणि माणसे स्वतंत्रपणे फिरवली जातात, त्यामुळे शहर वाढले की सिम्युलेशनच मंदावते आणि निकाल संगणकाच्या ताकदीवर बराच अवलंबून राहतो. शिवाय एकदम वसवलेल्या वस्तीतले लोक पुढे जवळजवळ एकदमच मरतात आणि लोकसंख्या कोसळते, तेव्हा मोठे लक्ष्य ठेवलेल्या रनमध्ये वस्ती टप्प्याटप्प्याने वसवावी लागते.

तुमच्यासाठी पुढचे पाऊल असे: मायक्रोपोलिस, सोपी पातळी, संकटे बंद, आणि लक्ष्य फक्त ५०,०००. स्टेडियम, बंदर आणि विमानतळ कोणत्या क्रमाने आणि नेमक्या कोणत्या लोकसंख्येला घेता, याची प्रत्येक रननंतर नोंद ठेवा. ३७,२०० चा पट्टा न थांबता ओलांडता येऊ लागला की साच्याचा सराव सुरू करा, आणि पाच लाखांचा पूर्ण रन त्यानंतरच घ्या.